बाबांचे नऊ व्होल्ट

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नागपूरला झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, व्यायाम करून घ्या आणि पेशंटचं मन प्रसन्न ठेवा. व्यायामाचं काम माझ्याकडे आलं. मन प्रसन्न ठेवायचं काम बल्लारपुरातल्या समस्त नातेवाइकांनी आपणहून उचललं. रोज दुपारी कोणी ना कोणी नारळपाणी घेऊन यायचं, आईच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढायचं आणि ऑपरेशननंतर ज्यांचे पाय कायमचे वाकडे झाले अशा लोकांची सविस्तर माहिती द्यायचं. एका मावशीनं तर अशा एका बाईचा फोटो मोबाइलमध्ये मुद्दाम आणला होता. नारळपाणी मात्र गोड असायचं.

मी मुलचेऱ्याला एका सरकारी कार्यालयात नोकरी करते. आईसाठी रजा टाकून आले होते. घरात आम्ही तिघंच. आई पलंगावर, बाबा व्हरांड्यात आणि मी दोघांच्या मधे, जिथे मुलींची जागा असते तिथे.

बाबा मिलच्या इलेक्ट्रिकल विभागातून निवृत्त झाले, म्हणजे मिलच्या दृष्टीनं. त्यांच्या स्वतःच्या दृष्टीनं सबंध बल्लारपूरची वीज अजून त्यांच्याच देखरेखीखाली आहे. गल्लीत कोणाचा फ्यूज उडाला की बाबा चप्पल घालून निघतात, मीटरखाली उभे राहतात, वर पाहतात आणि "वायरिंगच चुकली आहे" असं सांगून परत येतात. फ्यूज मग दुसरं कोणीतरी बांधतं. आमच्या स्वतःच्या घरात बाथरूमच्या बटणाला कित्येक वर्षांपासून झिणझिण्या येतात. ते आम्ही लाकडी चाटूनं दाबतो. चाटू दाराशी खिळ्याला टांगलेला असतो आणि पाहुण्यांना तो आधी दाखवावा लागतो.

तर एका दुपारी, फोटोवाली मावशी नुकतीच गेली होती, तेव्हा आई छताकडे पाहत म्हणाली, "ती गेम कुठी आहे व?"

"कोणती गेम?"

"तुमची. टीव्हीले लावाची. कॅसेटवाली."

भूल अजून उतरली नाही की काय, असं मला क्षणभर वाटलं. कारण ती गेम म्हणजे आमच्या लहानपणीची आईची सवत. मला आणि माझ्या भावाला बाबांनी ती आणून दिली, त्या दिवसापासून आईनं तिच्याशी युद्ध पुकारलं होतं. डोळे जातील, डोकं जाईल, मार्क जातील, असं काय काय जाणार याची यादीच तिच्याकडे होती. भाऊ दहावीत गेला तेव्हा तिनं ती गेम वायरीसकट जुन्या लुगड्यात बांधली आणि माळ्यावर टाकून दिली. भाऊ पुण्याला इंजिनिअर झाला याचं श्रेय आजही त्या लुगड्याला दिलं जातं.

"तुला कशाला पाहिजे ती?" मी विचारलं.

"खेळाले."

"तुला येते?"

"मी खेळत होती ना," आई म्हणाली. "तुम्ही शाळेत गेले, हे ड्यूटीवर गेले, भांडे झाले, का मंग खेळत होती."

"माळ्यावर टाकल्यावर?"

"काढाले किती वेळ लागते? आन परत ठेवाले?"

कांदे चिरले, भात टाकला, अशा आवाजात ती हे सांगत होती. व्हरांड्यात बाबांचं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. बाबांना इतक्या वर्षांत आपल्या घरातल्या मीटरचं रीडिंग थोडं जास्त का येतं याचा उलगडा होत नव्हता. तो आता झाला.

"मायाच घरात?" ते दारात येऊन म्हणाले.

"मंग काय शेजारच्यायच्या घरी जाऊन खेळू?" आई म्हणाली.

मी माळ्यावर चढले आणि गेम खाली आणली. लुगडं सोडलं. पांढरं प्लास्टिक जुन्या दातांसारखं पिवळं पडलं होतं. एका कॅसेटवर एक लाखाच्या वर गेम असल्याचं छापलेलं होतं. आत चारच होत्या, हे लहानपणी आम्हाला फार रडून कळलं होतं. सोबत दोन रिमोट आणि काळा, विटेएवढा जड एलिमिनेटर. भिंतीतली वीज कमी करून नऊ व्होल्टची करणारी पेटी, एवढंच त्याचं काम.

सगळं टीव्हीला जोडलं आणि बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं खरं, पण त्यावर जाड काळे पट्टे खालून वर सरकत होते आणि टीव्हीतून भुंग्यासारखा घूं घूं आवाज येत होता. त्या पट्ट्यांमागे कुठेतरी एक छोटा माणूस उभा होता. आईनं रिमोट हातात घेतला, माणसानं एक उडी मारली, आणि सगळं अंधारलं.

बाबा पुढे झाले. त्यांनी एलिमिनेटर उलटा करून चष्म्याशी धरला.

"नऊ व्होल्ट," ते म्हणाले. "आमच्या डिपार्टमेंटमधी नऊ व्होल्टले करंट म्हनतच नोते."

"पण तो दुरुस्त होईल का?"

"याच्यात दुरुस्त कराचं आहेच काय? दुसरा लावू."

बाबांकडे एक लोखंडी पेटी आहे. जगातली प्रत्येक बंद पडलेली वस्तू शेवटी त्या पेटीत येते आणि सुखानं राहते. त्यातून त्यांनी एका जुन्या सेट टॉप बॉक्सचा अॅडॅप्टर काढला. त्यावर बारा लिहिलं होतं. मी ते दाखवलं.

"जास्त असलं तर चांगलंच," बाबा म्हणाले. "कमी पडू नाई." मग त्यांनी पिन घालून पाहिली. पिन अगदी नीट बसली. "पाह्य. पिन बसली म्हनजे झालं."

बटण दाबताच गेमच्या पोटातून बारीक आवाज आला, आणि मग कॅसेटच्या खाचेतून धुराची एक नाजूक रेघ वर निघाली. खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. मी वायर ओढून काढली. आई रिमोट हातात धरून तशीच बसली होती.

बाबांनी धुराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "मी म्हनलं होतं ना, गेमच खराब आहे."

त्या दिवसापासून आई बाबांशी बोलेना. आलेल्या प्रत्येक माणसाशी मात्र ती भरपूर बोलायला लागली. कोणी गुडघ्याबद्दल विचारलं की म्हणायची, "गुडघ्याचं ठीक आहे, पन यांनी माही गेम जायली." एका आठवड्याच्या आत ही बातमी भाजी बाजारापर्यंत पोचली. तिथे एका जुन्या सहकाऱ्यानं बाबांना थांबवून हळहळ व्यक्त केली, जसं कोणी वारलं की करतात. बाबा त्या दिवशी वांगी न घेताच परत आले.

मी पुण्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, इतक्या साध्या गोष्टीसाठी कोणी दुरुस्ती करतं का आजकाल, ती अख्खी गेम मोबाइलमध्ये मिळते. त्यानं ती माझ्या फोनवर पाठवली, टीव्हीला कशी जोडायची तेही समजावलं, आणि बाबांच्या फोनवर आईला व्हिडिओ कॉलवर घेतलं. आईनं दोन मिनिटं खेळून फोन खाली ठेवला.

"याच्यात उडी उशिरा लागते," ती म्हणाली.

"काहीतरी काय, आई. तोच प्रोग्राम आहे," भाऊ म्हणाला.

"मी दाबते, मंग तो विचार करते, मंग उडते. तोपर्यंत खड्डा येते."

भावानं असं होणं कसं शक्य नाही हे बराच वेळ समजावलं. आईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि मग त्याला जेवलास का विचारलं. आमच्या घरात चर्चा संपल्याची ती खूण आहे.

मग आईनं मला बोलावून सांगितलं, गल्लीच्या टोकाच्या चाचांना घेऊन ये.

इथे थोडं सांगायला हवं. चाचांचं स्टेशनकडे जुनं दुकान होतं, रेडिओ, टेप आणि घड्याळं दुरुस्तीचं. आता त्याच दुकानात त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो आणि चाचा घरी बसून मोबाइलच्या नावानं बोटं मोडतात. मी कॉलेजात असताना बाबांनी त्यांच्याकडे आपला टेपरेकॉर्डर दुरुस्तीला दिला. तो परत आला तेव्हा सगळे गायक अंगात ताप असल्यासारखे गाऊ लागले. बाबा चौकात म्हणाले, घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानं घड्याळंच करावीत. ते चाचांच्या कानावर गेलं. चाचा म्हणाले, मिलमध्ये बटण दाबणाऱ्याला टेपमधलं काय समजतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. ईदला शिरखुर्मा येत होता, दिवाळीला चिवडा-चकली जात होती, आई आणि चाची एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला धावत होत्या. अबोला दोन माणसांचा होता, डब्यांचा नव्हता.

"ते येतील का?" मी आईला विचारलं.

"माया गुडघ्यासाठी येईन," आई म्हणाली. तिनं 'माया', म्हणजे 'माझ्या', या शब्दावर जोर दिला. बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

चाचा आले. पांढरी दाढी, टोपी, आणि हातात गंजलेला बिस्किटांचा डबा, ज्यात त्यांचं उरलंसुरलं दुकान होतं. त्यांनी आईची विचारपूस केली, दोन्ही गुडघ्यांसाठी दुवा मागितली, ऑपरेशन एकाचंच झालं होतं तरी. मग व्हरांड्यात येऊन ते बाबांपासून लांबच्या खुर्चीवर बसले. बाबांनी खुर्ची किंचित दुसरीकडे वळवली. दोघांच्या मधे टेबल, टेबलावर गेम, आणि टेबलाजवळ मी.

चाचांनी एलिमिनेटर प्लगमध्ये घातला आणि टॉवेलात धरून कानाला लावला. "ट्रान्सफॉर्मर जिंदा आहे," ते मला म्हणाले. "बेटी, त्यायले विचार, चित्रावर पट्टे येत होते का?"

बाबा हातभर अंतरावर बसले होते. मी विचारलं, "बाबा, पट्टे येत होते का?"

"येत होते म्हन."

"येत होते म्हणतात," मी चाचांना सांगितलं.

"मंग कंडेन्सर गेला. विचार त्यायले, हेक्सॉ ब्लेड आहे काय."

या पद्धतीनं काम सुरू झालं. सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढल्यामुळे मला ही पद्धत नवीन नव्हती. आमच्या कार्यालयातही शेजारच्या टेबलावर कागद जायचा तर तो माझ्यामार्फतच जातो. फक्त तिथे शिक्का असतो.

बाबांनी ब्लेडनं पेटीची कड कापली. आत ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक छोटा डब्यासारखा कंडेन्सर, ज्याचं डोकं फुगून वर आलं होतं. चाचांनी तो बोटानं दाबला. "हा करंटमधले गचके पिऊन घेते. आता म्हातारा झाला, पिऊन नाई राह्यला. म्हनून तो घूं घूं आवाज." त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून दुसरा कंडेन्सर शोधून काढला.

आता अडचण अशी की चाचांचा हात थरथरत होता. सोल्डरिंग आयर्नचं टोक तारेवर ठेवायला गेले की ते शेजारच्या तारेवर, मग टेबलावर, मग स्वतःच्या बोटावर जायचं. बाबांचा हात पक्का, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक काही दिसत नाही, आणि हे ते कबूल करत नाहीत. दोघं मिळून एक मेकॅनिक झाला असता. पण मधे मी होते.

"त्यायले सांग, डाग हलका मारा म्हना," चाचा म्हणाले.

"बाबा, डाग हलका मारा."

"मले समजते."

"समजतं म्हणतात, चाचा."

"समजत असतं तर माणसानं आयर्न असं फावड्यासारखं धरलं नसतं," चाचा चांगल्या शुद्ध मराठीत आढ्याकडे पाहत म्हणाले. हे मी पुढे पाठवलं नाही.

डाग मारून झाला. बाबांनी प्लग लावला, अभिमानानं मागे टेकले आणि मिशीवरून बोट फिरवलं. तेवढ्यात कंडेन्सर फटाक्यासारखा फुटला. त्यातून कागदाचे कपटे आणि पांढरा धूर निघाला. एक तुकडा चाचांच्या दाढीत जाऊन बसला. आतून आईचा आवाज आला, "आता काय जायलं?"

आणि मग ते घडलं.

"अबे, पट्टी मायनसकडे लावाची असते!" चाचा ओरडले. सरळ बाबांकडे पाहून.

"तू सांगतलं काय?" बाबाही ओरडले. सरळ चाचांकडे पाहून.

"हे सांगा लागते? त्याच्यावर एवढी मोठी पट्टी आहे!"

"कुठी आहे पट्टी? दिसत तर नाई!"

"तुले टेपसुद्धा दिसला नोता! सेल उतरले होते बे त्याचे! सेल उतरल्यावर गाना हळूच वाजते! चौकात जाऊन माया दुकानाचा तमाशा केला, सेल नाई बदलले!"

पलीकडच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली.

"सेल?" बाबा म्हणाले.

"सेल."

"तेव्हाच काऊन नाई सांगतलं?"

"तू बोलत होता काय मायाशी?"

मी चहा ठेवायला आत गेले. माझी आता तिथे गरज नव्हती. स्वयंपाकघरात जाताना पाहिलं तर आई पलंगावर तोंडावर पदर धरून हसत होती, आणि हसताना गुडघा दुखतो म्हणून कण्हत होती, आणि कण्हताना पुन्हा हसत होती.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा टेबलावर टेपरेकॉर्डर होता. तोच. बाबांनी तो लोखंडी पेटीतून काढला होता आणि दोघं मिळून त्याची मागची बाजू खोलत होते. बाबा कंडेन्सर शोधत होते, असं ते म्हणाले. चाचांनी मात्र आधी त्याच्या सेलच्या खणात पाहिलं. आत सेल नव्हतेच, नुसता हिरवा गंज होता. कोण खरं हे कळायचा मार्ग असा बंद झाला आणि मला वाटतं दोघांनाही बरं वाटलं.

टेपमधला कंडेन्सर या वेळी चाचांनी स्वतः बोट ठेवून एलिमिनेटरमध्ये नीट बसवला आणि बाबांनी डाग मारला. मल्टिमीटर लावला. काटा तेराच्या जवळ गेला.

"तेरा!" बाबा उठून उभे राहिले. "नऊचं लिहिलं आहे आन तेरा! घर जायतं का बे?"

"बस खाली. लोड नाई अजून त्याच्यावर," चाचा म्हणाले. "रिकामा मानूस जास्तच बोलते. काम लावलं का येते लाइनवर."

बाबा निवृत्त आहेत. ते खाली बसले.

मग चाचांनी गेम उघडली. आत एका कोपऱ्यात तीन पायांचा एक भाग काळा ठिक्कर पडला होता. नऊ व्होल्टचे पाच करून गेमला देणारा तो रेग्युलेटर. चाचांनी तो पाहिला, मग सेट टॉप बॉक्सचा अॅडॅप्टर पाहिला, दोन्ही पिना पाहिल्या. "या गेमचं उलटं असते, मधी मायनस आन बाहेर प्लस. इसको उलटा करंट किसने दिया?"

"लाइनमधूनच आला असन," बाबा म्हणाले.

"यांनी दिला," आतून आई म्हणाली.

तो तीन पायांचा भाग चाचांच्या डब्यात नव्हता. माझी रजाही संपली होती. सोमवारी मी मुलचेऱ्याला गेले. तिथे जवळच्या, निर्वासितांनी वसवलेल्या बंगाली गावात एक माणूस पूजेच्या मांडवाचे लाउडस्पीकर आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. ऑफिस सुटल्यावर त्याच्याकडे गेले आणि जळका तुकडा दाखवला.

"की जन्य लागतेय, मॅडम?" त्यानं त्याच्या बंगाली मराठीत विचारलं.

"आईच्या गुडघ्यासाठी," मी म्हणाले. मला पुढे सांगायचं होतं, पण त्याचा चेहरा इतका गंभीर झाला की माझं वाक्य तिथेच राहिलं. त्यानं आत जाऊन एका मेलेल्या अॅम्प्लिफायरमधून तसाच तीन पायांचा भाग काढला, कागदात गुंडाळला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. त्याच्याही आईचे गुडघे दुखतात म्हणे. डॉक्टर आता गुडघ्यात करंटवालं मशीन बसवतात का, असं त्यानं विचारलं. मी 'आमच्याकडे तरी बसवतात' असं काहीतरी पुटपुटले. आजही रस्त्यात भेटला की तो विचारतो, गुडघा ठीक चालून राह्यला ना? मी हो म्हणते. चालतो आहेच.

शनिवारी आष्टीवरून, गोंडपिपरीवरून एसटीनं बल्लारपूरला आले, पर्समध्ये तो कागद जपत. घरी पोचले तर चाचा आधीच येऊन बसले होते. बाबांनी त्यांच्यासाठी स्वतः चहा केला होता. तो कसा झाला होता हे चाचांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ते पीत होते. हा माणूस मैत्रीसाठी काहीही करू शकतो हे मला तेव्हा कळलं.

रेग्युलेटर बसला. तीन पाय, तीन डाग. प्रत्येक डागाला भांडण. या वेळी माझ्यामार्फत काहीच आलं नाही.

टीव्ही लावला. आई काठी टेकत बाहेरच्या खोलीत आली, खुर्चीवर बसली, पाय स्टुलावर ठेवला. बटण दाबलं. पट्टे नाहीत, आवाज नाही. निळं आभाळ, हिरवी जमीन आणि मधे तो छोटा माणूस.

मग आमच्या आईनं जे केलं ते मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती धावत होती. खड्डा आला, ती उडाली. साप आला, त्याच्यावरून गेली. वरून दगड पडणार हे तिला दगडाच्या आधी माहीत असायचं. एका ठिकाणी भिंतच होती. मी आणि भाऊ लहानपणी तिथून कायम परत फिरायचो. आई त्या भिंतीत सरळ शिरली आणि पलीकडे निघाली. भिंतीमागे अख्खं एक जग होतं, फळांनी भरलेलं. ते आमच्याच घरात, आमच्याच टीव्हीत होतं.

"हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोन सांगन? डोकं आपटत बसली होती एक दिवस," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

प्रत्येक उडीबरोबर तिचा ऑपरेशनचा पाय स्टुलावरून नकळत वर उचलला जात होता. व्यायामाच्या वेळी हाच पाय एवढा उचलायला मी तिला हातापाया पडून सांगायचे, आणि ती डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि विचारलं, व्यायाम कोण घेतं? बाबा म्हणाले, "मी पॉवर सप्लाय पाहतो."

गेम सुरू झाली त्या दिवशी चाचा आणि बाबा सोफ्यावर शेजारी बसून बघत होते. थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "दुसरा रिमोट आहे ना?" मी दिला. बाबांचा माणूस निघाला, छातीबिती पुढे काढून, आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा निघाला, त्याच खड्ड्यात पडला. तिसऱ्यांदा त्यांनी खड्ड्याआधी थांबून नीट पाहिलं.

"रस्ताच चुकला आहे," ते म्हणाले, आणि पडले.

"उडी मारा लागते," आई म्हणाली. कित्येक दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली ते हे.

आता हे रोजचंच झालं आहे. दुपारी चाचा "व्होल्टेज पाहाले आलो" असं सांगून येतात. बाबा एलिमिनेटर गरम होतो म्हणून त्याच्यासमोर टेबलफॅन लावून बसतात. वारा त्या पेटीला, घाम आम्हाला. नातेवाईक अजून येतात, पण आईचं लक्ष नसतं, त्यामुळे वाकड्या पायांच्या गोष्टी मधेच संपतात. फोटोवाल्या मावशीनं तर परवा रिमोट मागितला. आई म्हणाली, माहा गुडघा दुखते, थांब जरा. आणि खेळत राहिली.

मागच्या शनिवारी आम्ही दोघीच होतो. बाबा आणि चाचा सेल आणायला गेले होते, टेपरेकॉर्डर पुन्हा चालू करायचं त्यांनी मनावर घेतलं आहे, त्यामुळे आता आमच्या घरात एक नव्हे दोन वस्तू धोक्यात आहेत. आई खेळत होती. मी विचारलं, "इतकी वर्षं सांगितलं का नाही गं आम्हाला? तुला येतं म्हणून?"

तिनं एक खड्डा पार केला. "सकाळपासून सगळे मांगतच राहत होते. डबा दे, शर्ट दे, चहा दे. हा," तिनं पडद्यावरच्या माणसाकडे हनुवटी केली, "हा काईच मांगत नोता. नुसता उडत होता."

मी म्हटलं, "तरी सांगायचं. आम्हाला आनंदच झाला असता."

"मंग तुम्ही रिमोट मांगितला असता," आई म्हणाली. "सरक तिकडं, साप दिसून नाई राह्यला."